हेड ऑफिसचा कॉमन खर्च ग्रुपच्या कंपन्यांमध्ये कसा वाटायचा: कागदापासून टॅलीपर्यंत

गावच्या जत्रेची वर्गणी घरामागे घ्यायची की चुलीमागे, हा वाद आमच्या सत्तरी तालुक्यात मी लहानपणापासून ऐकतोय. एका छपराखाली तीन भाऊ वेगळं शिजवून जेवत असतील तर ते एक घर की तीन चुली? ज्याच्याकडे चुली जास्त तो म्हणतो घरामागे घ्या, ज्याची एकच चूल तो म्हणतो चुलीमागे. पुढे पणजीला पाटोवर एका ग्रुपच्या हेड ऑफिसात अकाउंट्सला लागलो आणि पहिल्याच मार्चमध्ये बघतो तर तोच वाद, फक्त वर्गणीच्या जागी ऑफिसचं भाडं, एचआरचे पगार आणि सॉफ्टवेअरचं सबस्क्रिप्शन. हॉटेलवाले म्हणतात टर्नओव्हरवर वाटू नका, फॅक्टरीवाले म्हणतात माणसांवर वाटू नका, आणि रेस्टॉरंटचा मॅनेजर म्हणतो आम्ही तर पणजीला येतच नाही, आमच्यावर कसला खर्च.

म्हणून आधीच सांगतो, टॅली किंवा दुसरं कुठलंही सॉफ्टवेअर हा वाद सोडवत नाही, तुम्ही जे ठरवलंय ते फक्त दर महिन्याला न चुकता पाळतं. खरं काम एप्रिलमध्ये कागदावर असतं. ते नीट केलं तर महिन्याला दोन-तीन तासांचा विषय, नाही केलं तर ३१ मार्चच्या रात्री एकच भलीमोठी जर्नल एन्ट्री आणि मग वर्षभर तिची उत्तरं देत बसायचं.

आधी बघा, वाटप कुणाकुणात आहे

इथेच निम्मे लोक चुकतात, कारण "वाटप" ह्या एका शब्दाखाली तीन वेगळ्या गोष्टी येतात.

एक, कंपनी एकच आहे आणि आतले विभाग वेगळे आहेत. मग फक्त कॉस्ट सेंटर (खर्च कुणाच्या नावावर ते सांगणारी टॅलीतली खूण) लावा, बिल नाही, जीएसटी नाही, काही नाही.

दोन, कंपनी एकच, पॅन एकच, पण जीएसटी नंबर दोन. म्हणजे गोव्यातला ३० ने सुरू होणारा आणि सावंतवाडीच्या गोदामाचा २७ ने सुरू होणारा. इथे बाहेरच्या पार्टीकडून आलेल्या कॉमन सर्व्हिसच्या बिलांचं क्रेडिट (त्यावर भरलेल्या जीएसटीची वजावट) इनपुट सर्व्हिस डिस्ट्रिब्युटर म्हणून, म्हणजे आयएसडीचं वेगळं रजिस्ट्रेशन घेऊन वाटायचं, आणि १ एप्रिल २०२५ पासून हे सक्तीचं आहे.

तीन, कंपन्याच वेगळ्या आहेत. वर होल्डिंग (मालक कंपनी), खाली दोन-तीन सबसिडिअरी (तिच्या ताब्यातल्या कंपन्या), प्रत्येकीचा पॅन वेगळा. इथे आयएसडी चालत नाही म्हणजे नाही, होल्डिंगने सबसिडिअरीला सरळ टॅक्स इन्व्हॉइस द्यायचं. कुठला प्रकार आहे ते ओळखायची सोपी खूण म्हणजे जीएसटी नंबरातली तिसऱ्यापासून बाराव्यापर्यंतची दहा अक्षरं, तोच पॅन असतो, ती सारखी असली तर दुसरा प्रकार, वेगळी असली तर तिसरा. हा लेख तिसऱ्या प्रकाराचा आहे.

आता एक उदाहरण धरून चालू, आकडे सोपे घेतलेत. पाटोला होल्डिंग कंपनी, कळंगुटला हॉटेल कंपनी, म्हापशाला रेस्टॉरंट कंपनी, आणि कुंडई इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये पॅकिंगचा माल बनवणारी फॅक्टरी कंपनी. महिन्याचा कॉमन खर्च ५,००,००० रुपये. त्यात भाडं १,२०,०००, अकाउंट्स टीमचे पगार २,००,०००, एचआरचे पगार १,००,०००, सॉफ्टवेअर ४०,०००, इंटरनेट-फोन १५,००० आणि वकील-सल्लागाराचा रिटेनर (महिन्याची बांधलेली फी) २५,०००.

पायरी १: कुठला खर्च कशावर वाटायचा ते ठरवा

सगळ्या खर्चाला एकच टक्केवारी लावू नका. हे मी हात जोडून सांगतोय. "टर्नओव्हरच्या प्रमाणात" हे ऐकायला न्याय्य वाटतं पण गोव्यात त्याचं काय होतं बघा: जुलैमध्ये पाऊस कोसळतोय, हॉटेल रिकामं, रेस्टॉरंटला फक्त गावचं गिऱ्हाईक, आणि फॅक्टरी मात्र नेहमीसारखी चालू, म्हणजे त्या महिन्याला सगळा बोजा फॅक्टरीवर. डिसेंबरमध्ये उलटं. प्रत्यक्षात हेड ऑफिसची माणसं जुलैत हॉटेलचंच काम करत असतात, सीझनआधीची भरती, लायसन्सं, रिपेअरची बिलं. त्यामुळे महिन्याचा टर्नओव्हर हा बेस, म्हणजे वाटपाचा आधार, सीझनवाल्या धंद्यात वापरूच नका, वापरायचाच तर मागच्या पूर्ण वर्षाचा घ्या आणि वर्षभर तोच धरा.

प्रत्येक खर्चाला विचारायचं, हा खर्च कशामुळे वाढतो? भाडं खुर्च्यांमुळे. एचआरचं काम माणसांमुळे. अकाउंट्सचं काम व्हाउचरांमुळे (टॅलीत टाकलेल्या नोंदींमुळे), आणि व्हाउचर किती झाली ते टॅलीतच दिसतं, स्टॅटिस्टिक्स रिपोर्ट उघडला की व्हाउचर टाइपप्रमाणे आकडा समोर. सॉफ्टवेअर युजरमुळे. रिटेनरला असा धागा सापडत नाही, तो मागच्या वर्षीच्या टर्नओव्हरवर टाकला तरी कुणी भांडत नाही.

आमच्या उदाहरणात ऑफिसात २० खुर्च्या: होल्डिंगच्या ४, हॉटेलच्या कामाच्या ६, रेस्टॉरंटच्या २, फॅक्टरीच्या ८. खुर्चीमागे ६,००० भाडं आणि ७५० इंटरनेट. व्हाउचर मागच्या तिमाहीत ८,०००: होल्डिंग ५००, हॉटेल २,४००, रेस्टॉरंट ३,६००, फॅक्टरी १,५००, म्हणजे महिन्याच्या पगारातले व्हाउचरमागे २५ रुपये. माणसं २५०: १०, ९०, ४० आणि ११०, माणशी ४०० रुपये. सॉफ्टवेअरचे युजर २०: २, ६, ३ आणि ९, युजरमागे २,०००. रिटेनर हॉटेल ४० टक्के, रेस्टॉरंट २० टक्के, फॅक्टरी ४० टक्के.

| खर्च | होल्डिंग | हॉटेल | रेस्टॉरंट | फॅक्टरी |
|---|---|---|---|---|
| भाडं | २४,००० | ३६,००० | १२,००० | ४८,००० |
| अकाउंट्स | १२,५०० | ६०,००० | ९०,००० | ३७,५०० |
| एचआर | ४,००० | ३६,००० | १६,००० | ४४,००० |
| सॉफ्टवेअर | ४,००० | १२,००० | ६,००० | १८,००० |
| इंटरनेट-फोन | ३,००० | ४,५०० | १,५०० | ६,००० |
| रिटेनर | ० | १०,००० | ५,००० | १०,००० |
| एकूण | ४७,५०० | १,५८,५०० | १,३०,५०० | १,६३,५०० |

ह्यात दोन गोष्टी बघा. होल्डिंगचा स्वतःचा वाटा शून्य नाहीये. पुष्कळ ठिकाणी होल्डिंग आपला अख्खा खर्च खाली ढकलते, पण डायरेक्टरांच्या मीटिंगा, होल्डिंगचं स्वतःचं ऑडिट, शेअरहोल्डरांचं काम हे सबसिडिअरीच्या फायद्याचं नाही, आणि इन्कम टॅक्सवाले सबसिडिअरीत नेमकं तेच काढतात, हा खर्च तुमच्या धंद्यासाठी होता कशावरून, आणि संबंधित पार्टीला वाजवीपेक्षा जास्त दिलं असेल तर जुन्या आयकर कायद्याच्या कलम ४०ए(२) खाली जास्तीचा भाग नामंजूर. दुसरी गोष्ट म्हणजे रेस्टॉरंट. खुर्च्या फक्त २, पण व्हाउचर सगळ्यात जास्त, कारण रोजची मासळी, भाजी, पाव, बर्फ, गॅस, प्रत्येकाची वेगळी बिलं. "आम्ही पणजीला येतच नाही" म्हणणाऱ्याला हा आकडा दाखवला की तो गप्प होतो. मग म्हणतो बिलं आठवड्याची एकत्र पाठवतो, जे आपल्याला हवंच होतं.

पायरी २: लिहून सही करून घ्या

दोन पानांचं अ‍ॅग्रीमेंट पुरतं: कुठल्या सर्व्हिस, कुठल्या खर्चाला कुठला बेस, बेसचे आकडे कधी बदलायचे, बिल किती तारखेला, पैसे किती दिवसांत, मार्चमध्ये फरक कसा मिटवायचा. दोन्ही बाजूंच्या बोर्डात ठराव करा. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १८८ चा विषय इथे येतो, आणि ऑडिटरला संबंधित पार्टीच्या व्यवहारांचं डिस्क्लोजर द्यायचंच असतं, त्यामुळे हा कागद आज नाही तर सप्टेंबरमध्ये कुणीतरी मागणारच. बेसचे आकडे मी तिमाहीला बदलतो. दर महिन्याला बदलले तर काम वाढतं आणि भांडणं पण.

पायरी ३: होल्डिंगच्या टॅलीत कॉस्ट सेंटर

टॅली प्राइममध्ये एफ११ दाबून कॉस्ट सेंटर चालू करा. मग क्रिएटमध्ये जाऊन एक कॉस्ट कॅटेगरी करा, नाव "ग्रुप वाटप" ठेवा, आणि तिच्याखाली चार कॉस्ट सेंटर: होल्डिंग, हॉटेल, रेस्टॉरंट, फॅक्टरी. कॅटेगरी यादीत दिसत नसेल तर शो मोर बघा. कॅटेगरी वेगळी करायची कारण उद्या तुम्हाला विभागाप्रमाणे पण खर्च बघायचा झाला तर तो दुसऱ्या कॅटेगरीत जाईल, ह्यात मिसळणार नाही.

मग खर्चाची लेजरं, म्हणजे खाती. प्रत्येक कॉमन खर्चाच्या लेजरमध्ये कॉस्ट सेंटर लागू असं यस करा, आणि जे खर्च वाटायचे नाहीत त्यांना नो ठेवा, नाहीतर बँक चार्जेसच्या ११८ रुपयांसाठी पण टॅली वाटपाचा स्क्रीन उघडत बसेल. लेजरच्या नावात "कॉमन" लिहा, म्हणजे "भाडं - कॉमन", "पगार अकाउंट्स - कॉमन". होल्डिंगचे स्वतःचे खर्च वेगळ्या लेजरात. हे सुरुवातीला कंटाळवाणं वाटतं पण महिनाअखेरीला रिपोर्ट शेवटच्या पैशापर्यंत जुळतो तेव्हा बरं वाटतं.

टक्केवारी दर वेळी हाताने टाकायची नसेल तर कॉस्ट सेंटर क्लास करून ठेवता येतो: खुर्च्यांसाठी एक क्लास (२०, ३०, १०, ४०), व्हाउचरसाठी एक (६.२५, ३०, ४५, १८.७५), माणसांसाठी एक (४, ३६, १६, ४४), असं. व्हाउचर टाकताना क्लास निवडला की टॅली आपोआप वाटतं. अट एकच, एका व्हाउचरमध्ये एकाच बेसचे खर्च टाका, भाडं आणि पगार एकाच एन्ट्रीत कोंबले तर दोघांना एकच क्लास लागेल आणि मग तुम्ही शोधत बसाल की रेस्टॉरंटचं भाडं एवढं कसं आलं.

रिपोर्ट बघायला डिस्प्ले मोअर रिपोर्ट्स, स्टेटमेंट्स ऑफ अकाउंट्स, कॉस्ट सेंटर्स. तिथे कॅटेगरी समरीत चारही कंपन्यांची बेरीज दिसते आणि कॉस्ट सेंटर ब्रेकअपमध्ये एका कंपनीचा खर्च लेजरवार. हा ब्रेकअप पीडीएफ करून बिलाला जोडायचा, हेच तुमचं वर्किंग.

दुसरं सॉफ्टवेअर असेल तर नावं बदलतात एवढंच. झोहो बुक्समध्ये रिपोर्टिंग टॅग, सॅपमध्ये असेसमेंट आणि डिस्ट्रिब्युशन सायकल. बेस तोच.

पायरी ४: बिल, आणि जीएसटीची गोम

आता मुख्य चूक. माझ्या पहिल्या वर्षी मी काय केलं, होल्डिंगमध्ये जर्नल टाकली, हॉटेल डेबिट, खर्च क्रेडिट, झालं. हॉटेलच्या पुस्तकात उलट एन्ट्री टाकायची राहिलीच, बिल तर नव्हतंच. ऑडिटरनी दोन्ही लेजरं शेजारी ठेवली आणि विचारलं ह्यातलं खरं कुठलं. माझ्याकडे उत्तर म्हणून एक एक्सेल होतं ज्यात सगळीकडे ३३ टक्के लिहिलेलं.

जीएसटीत होल्डिंग आणि सबसिडिअरी हे संबंधित व्यक्ती आहेत, आणि शेड्यूल १ प्रमाणे संबंधित व्यक्तीला धंद्याच्या ओघात मोबदल्याशिवाय दिलेली सर्व्हिस पण सप्लाय धरली जाते. म्हणजे "आम्ही पैसे घेतच नाही" हा बचाव नाही. आणि ज्या होल्डिंगकडे "आम्ही काही विकत नाही" म्हणून जीएसटी नंबरच नाही त्यांनी हिशोब करा: आमच्या उदाहरणात महिन्याला ४,५२,५०० खाली जातात, वर्षाला ५४,३०,०००, आणि सर्व्हिसची मर्यादा २० लाख.

बिल सेल्स व्हाउचरमध्ये काढायचं, कंट्रोल + एच दाबून अकाउंटिंग इन्व्हॉइस मोड निवडा. पार्टीचं लेजर संड्री डेटर्सखाली "ग्रुप कंपन्या येणे" असा ग्रुप करून त्यात ठेवा, टॅलीतला ब्रँच / डिव्हिजन्स हा तयार ग्रुप वापरू नका, तो एकाच कंपनीच्या शाखांसाठी आहे. उत्पन्नाचं लेजर "कॉमन सर्व्हिस रिकव्हरी", सॅक कोड (जीएसटीतला सर्व्हिसचा नंबर) सर्व्हिसप्रमाणे, अकाउंटिंग-बुककीपिंगला ९९८२२२, इतर सपोर्ट सर्व्हिस ९९८५ मध्ये, दर १८ टक्के. काही लोक रिकव्हरी थेट खर्चाच्या लेजरला क्रेडिट करतात म्हणजे होल्डिंगचा खर्च कमी दिसतो. मला ते आवडत नाही, कारण मग पुस्तकातलं उत्पन्न आणि जीएसटी रिटर्नमधली विक्री कधीच जुळत नाही आणि दर वर्षी त्याचं स्टेटमेंट बनवावं लागतं.

महिन्याचं गणित असं होतं: हॉटेलवर जीएसटी २८,५३०, रेस्टॉरंटवर २३,४९०, फॅक्टरीवर २९,४३०, एकूण ८१,४५०. होल्डिंगला भाडं, सॉफ्टवेअर, इंटरनेट आणि रिटेनरच्या २,००,००० वर ३६,००० चं क्रेडिट मिळतं, बाकीचे ४५,४५० कॅशने भरायचे. हे ४५,४५० मुख्यतः पगारामुळे आलेत, कारण पगारावर आत जीएसटी नसतो पण बाहेर बिल करताना लागतो.

फॅक्टरीला ह्याचं काही नाही, ती २९,४३० चं पूर्ण क्रेडिट घेते. आणि जिथे घेणाऱ्याला पूर्ण क्रेडिट मिळतं तिथे नियम २८ च्या दुसऱ्या परंतुकाप्रमाणे तुम्ही बिलात लिहाल तीच किंमत बाजारभाव धरली जाते, डोकं लावायची गरज नाही.

खरी बोंब रेस्टॉरंटची. साधं रेस्टॉरंट ५ टक्के लावतं आणि त्याला इनपुट क्रेडिट नाही. म्हणजे ते २३,४९० सरळ खर्चात, वर्षाला २,८१,८८०. त्यात परत पूर्ण क्रेडिट नाही म्हणून वरचं परंतुकही लागू नाही, मग बाजारभाव काढा, तो नसेल तर नियम ३० प्रमाणे खर्चाच्या ११० टक्क्यांवर बिल, म्हणजे १,४३,५५० वर २५,८३९ जीएसटी. (सर्व्हिस देणाऱ्याला नियम ३० सोडून थेट ३१ वर जायची मुभा आहे, पण त्यासाठी पद्धत पटवून देता आली पाहिजे, सीएला विचारूनच करा.) हॉटेलचंही आता तसंच बघावं लागतं: २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के आणि क्रेडिट नाही, त्याच्यावरच्या खोलीला १८ टक्के आणि क्रेडिट आहे. कळंगुटला तीच खोली ऑगस्टमध्ये ३,००० ला आणि नाताळात ९,००० ला जाते, त्यात बारमधली दारू जीएसटीच्या बाहेर, व्हॅटमध्ये, म्हणजे कॉमन क्रेडिट प्रमाणात उलटवत (परत करत) बसायचं.

मग करायचं काय? वाटप करण्याआधी विचारा की हा खर्च वरून खाली यायलाच हवा का. रेस्टॉरंटच्या १,३०,५०० पैकी ९०,००० हे अकाउंट्सचे पगार आहेत. रेस्टॉरंटचीच बिलं दिवसभर टाकणारी मुलं जर रेस्टॉरंट कंपनीच्या पगारपत्रकावर घेतली, पीएफ-ईएसआयसकट, खरोखर, नुसती कागदावर नाही, तर त्या पगारावर जीएसटीचा प्रश्नच येत नाही आणि महिन्याला १६,२०० वाचतात. आम्ही हेच केलं. आमच्या शेठना आधी पटत नव्हतं, म्हणाले "अरे माणूस तोच, खुर्ची तीच, मग फरक कसला?" आकडा दाखवला तेव्हा पटलं.

अजून एक गैरसमज. जुलै २०२३ च्या १९९ नंबरच्या सर्क्युलरमध्ये हेड ऑफिसच्या पगाराचा खर्च किमतीत धरणं सक्तीचं नाही असं आहे, आणि ते वाचून लोक सबसिडिअरीच्या बिलातून पगार वगळतात. ते सर्क्युलर एकाच कंपनीच्या हेड ऑफिस आणि ब्रँच ऑफिसबद्दल आहे. वेगळ्या पॅनच्या कंपन्यांना ते लावू नका.

पायरी ५: सबसिडिअरीच्या पुस्तकात

त्याच दिवशी, त्याच रकमेने. पर्चेस व्हाउचर, होल्डिंगचा बिल नंबर आणि तारीख जशीच्या तशी, खर्च एका ढिगात न टाकता भाडं, अकाउंट्स, एचआर असा लेजरवार, म्हणजे वर्षअखेरीला तुलना करता येते. होल्डिंगचं लेजर "ग्रुप कंपन्या देणे" ह्या ग्रुपमध्ये. रेस्टॉरंटमध्ये जीएसटी खर्चातच मिळवायचा.

टीडीएस विसरू नका, ग्रुपमधली कंपनी आहे म्हणून सूट नाही. प्रोफेशनल सर्व्हिसला १० टक्के, टेक्निकलला २ टक्के, जीएसटी वेगळा दाखवला असेल तर जीएसटी सोडून बाकीच्यावर. भाड्याच्या भागाला भाड्याचे नियम. सगळ्याला मिळून एकच ओळ असली तर कुठला दर लावायचा ह्यावर वाद होतो, म्हणून बिलात ओळी वेगळ्या ठेवा. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू आहे, जुने १९४जे वगैरे नंबर जाऊन टीडीएस कलम ३९३ मध्ये एकत्र आलाय, तेव्हा टॅली अपडेट आहे ना आणि टीडीएसच्या मास्टरमध्ये नवीन कोड आहेत ना ते बघा.

पायरी ६: पैसे खरंच द्या

हे लोकांना सगळ्यात कमी माहीत असतं. बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत पैसे नाही दिले तर घेतलेलं क्रेडिट व्याजासकट उलटवावं लागतं, दिल्यावर परत घेता येतं पण व्याज गेलं ते गेलं. आमच्याकडे एका वर्षी हॉटेलचं ३१ मेचं बिल पडून राहिलं. पावसाळ्यात हॉटेलकडे पैसा नसतोच, जो असतो तो चवथीच्या बोनसला जातो, ऑक्टोबरमध्ये रंगरंगोटी, मग म्हटलं डिसेंबरचा गल्ला आला की देऊ. १८० दिवस २७ नोव्हेंबरला संपले होते. पार्टी घरचीच म्हणून कुणी ड्यू डेट बघितलीच नव्हती.

त्यामुळे ग्रुपच्या लेजरांना बिल-वाइज चालू ठेवा, क्रेडिट पीरियड ६० दिवस टाका, आणि दर महिन्याला आउटस्टँडिंगचा एजिंग रिपोर्ट (कुठलं बिल किती दिवस थकलंय ते) काढताना ग्रुपवाले आधी बघा. पावसाळ्यात हॉटेलला पैसा हवा असेल तर होल्डिंगने रीतसर कर्ज द्यावं आणि त्यातून हॉटेलने बिल भरावं, बँकेतून, दोन वेगळ्या एन्ट्री दिसतील अशा.

पायरी ७: जुळवणी आणि ग्रुप कंपनी

दर महिन्याच्या ७ तारखेपर्यंत होल्डिंगमधलं "हॉटेल" आणि हॉटेलमधलं "होल्डिंग" ही दोन लेजरं शेजारी ठेवायची. फरक आला तर बहुतेक वेळा तीनच कारणं: टीडीएस एका बाजूला टाकला दुसऱ्या बाजूला नाही, राउंड ऑफ, किंवा बिलाची तारीख वेगळ्या महिन्यात गेली.

टॅलीत ऑल्ट + के मधून ग्रुप कंपनी बनवता येते, चारही कंपन्यांचा नफा-तोटा आणि बॅलन्सशीट एकत्र दिसतं. पण ती फक्त बघायला आहे, तिच्यात एन्ट्री टाकता येत नाही, आणि आपापसातलं येणं-देणं ती स्वतःहून उडवत नाही. म्हणजे होल्डिंगची ५४,३०,००० ची रिकव्हरी उत्पन्नात पण दिसेल आणि तिघांच्या खर्चात पण. कन्सॉलिडेशन (सगळ्या ग्रुपचा हिशोब एक) करताना ते एक्सेलमध्ये काढायचं. म्हणूनच "ग्रुप कंपन्या येणे" आणि "ग्रुप कंपन्या देणे" हे वेगळे ग्रुप आधीपासून केले, दोन आकडे उचलले की येणं-देणं उडवायचं काम संपलं. रेस्टॉरंटच्या खर्चात गेलेला जीएसटी मात्र उडवायचा नाही, तो खराच सरकारला गेलाय. अजून एक, ग्रुप कंपनीत सारख्या नावाची लेजरं एकत्र होतात, तेव्हा एका कंपनीत "भाडं" आणि दुसरीत "रेंट" असं असलं तर दोन ओळी येतात. चारही कंपन्यांची लेजरची नावं एकसारखी करून घ्या, स्पेलिंगसकट.

पायरी ८: मार्चचा फरक

वर्षभर बेसचे आकडे तिमाहीला बदलले तरी शेवटी थोडा फरक राहतोच, ऑडिट फी उशिरा येते, पगारवाढ मागच्या तारखेपासून लागते. मार्चमध्ये खरा खर्च आणि केलेली बिलं ह्यांचा फरक काढायचा आणि कमी पडलं तर डेबिट नोट, जास्त झालं तर क्रेडिट नोट, मूळ बिलाच्या उल्लेखासकट. जुनी बिलं उघडून रक्कम बदलायची सवय असेल तर सोडा, १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये ऑडिट ट्रेल सक्तीची आहे, एडिट लॉगमध्ये कुणी कधी काय बदललं ते दिसतं आणि ऑडिटर तेच आधी उघडतो. जीएसटीसकट क्रेडिट नोट रिटर्नमध्ये दाखवायची मुदत पुढच्या ३० नोव्हेंबरपर्यंत, किंवा वार्षिक रिटर्न त्याआधी भरलं तर तोपर्यंतच. मी मात्र ती एप्रिलमध्येच काढून टाकतो, कारण नोव्हेंबरला हॉटेलवाले सीझनमध्ये असतात आणि त्यांच्या अकाउंटंटला फोन लागत नाही.